काहूनबाईचं घमेलं

मिराबाईला मिराबाई म्हणणारे तांड्यात थोडेच. बाकी सगळे तिला काहूनबाई म्हणायचे, अगदी तोंडावर म्हणायचे, आणि ती ओ द्यायची. हे नाव पडलं लग्नाच्या दिवशीच. नवरी दारात आली, सासूनं सांगितलं, "उजवा पाय आधी टाक." तर घुंगटाच्या आतून आवाज आला, "काहून?" आता हे 'का' म्हणून सासूला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! तिनं जावेकडं बघितलं, जावेनं नणंदेकडं, नणंदेनं म्हाताऱ्या आत्याकडं. आत्या बहिरी. तिला वाटलं पाणी मागून राहिले, ती पाणी आणायला आत गेली. तोवर नवरी एक पाय उचलून दारात उभी. शेवटी सासराच ओरडला, "अगं पडंल ना ती, घ्या तिला आत!" उत्तर काही मिळालं नाही. पाय मात्र तिनं उजवाच टाकला, हेही सांगायला पाहिजे. तिला विचारायची हौस होती, मोडायची नव्हती.

तांडा म्हणजे हिंगोलीकडच्या गोरेगावच्या अलीकडचा वसरामनाईक तांडा. खापरपणज्यांच्या काळी बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या लादून मुलूख पालथा घातलेली ही बंजारा माणसं. आता माळावरची कोरडवाहू शेती करायची आणि दिवाळी सरली की निम्म्या तांड्यानं ऊसतोडीला जायचं. मागं उरायची म्हातारी माणसं आणि लेकरं. विहीर माळाच्या पायथ्याला. त्यामुळं पाण्याचा प्रत्येक हंडा डोक्यावर चढून वर यायचा आणि सांडला तर सासू सुनेला सोडत नसे.

मिराबाईचा नवरा प्रेमदास भला माणूस. बायकोच्या 'काहून'ला त्यानं जन्मभर दोनच उत्तरं दिली. कामात असला तर "मला काय ठावं," आणि आडवा झाला असला तर "पडू दे गं जरा." मग ती दुसऱ्यांना धरायची. तांड्यात वीज आली तेव्हा वायरमनला तिनं खांबावरून खाली उतरू दिलं नाही. तारेवर पाखरू बसतं ते मरत काहून न्हाई, हे आधी सांग! बिचाऱ्यानं वरूनच काहीबाही सांगितलं. तिला ते पटलं नाही, पण त्याला तिनं ताकाचा पेला पाजला.

हिंगोली अजून परभणी जिल्ह्यातच होती, त्या सुमारास तांड्यात अंगणवाडी आली. शिकवायला गोरेगावहून सुमनबाई यायच्या. मदतनीस तांड्यातलीच पाहिजे होती. चौथी शिकलेली बाई तांड्यात एकटी मिराबाई, तेव्हा काम तिलाच मिळालं. सकाळी घरोघर फिरून लेकरं गोळा करायची, खोली झाडायची, खिचडी शिजवायची. लेकरं तिला 'याडी' म्हणायची, म्हणजे आई. तिच्या हाताला चव होती. तिच्या खिचडीचं पातेलं चाटायला मोठी माणसंही कसलं तरी निमित्त काढून येत, आणि तेव्हा ती उगाच रागावल्यासारखं करायची. आतून मात्र तिला कोण आनंद व्हायचा!

पुढं सेनगावला मदतनिसांचं प्रशिक्षण झालं. तिथं एका बाईंनी सांगितलं, जेवणाआधी लेकरांचे हात धुवा. बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. मिराबाईनं हात वर केला. "हात चांगले दिसत असले तरी काहून धुवायचे?" त्या बाई म्हणाल्या, रोगाचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत.

झालं! मिराबाई जीपमधून परत आली ती वेगळीच होऊन आली. डोळ्याला दिसत नाही पण आहे, असं काहीतरी आपल्या तळहातावर बसलेलं असतं, ह्या गोष्टीनं तिला वेड लावलं. ती उन्हात तळहात धरून बघायची, तिरका करून बघायची. प्रेमदास म्हणायचा, "हात बघायचा आसंल तर जोश्याला दाखव."

दुसऱ्या दिवसापासून अंगणवाडीत हात धुतल्याशिवाय घास नाही. पण एवढ्या लेकरांच्या हातावर तांब्यानं पाणी ओतायचं तर दोन हंडे लागणार, आणि हंडा म्हणजे विहिरीची चढण. मिराबाईनं तोड काढली. तिनं बाजारातून एक नवंकोरं लोखंडी घमेलं आणलं. ते राखेनं घासून लख्ख करायचं, काठोकाठ भरायचं आणि दारात ठेवायचं. लेकरांनी रांगेनं यायचं, हात बुडवायचे, चोळायचे, झटकायचे आणि आत जाऊन पंगतीत बसायचं. एका हंड्यात सगळी पंगत स्वच्छ! वरच्या मुख्यसेविका पाहणीला आल्या की ती रांग बघून "वा, वा" करायच्या. सुमनबाईही इतर गावच्या सेविकांना कौतुकानं सांगायच्या.

पुढं काही वर्षांनी ह्या रांगेत मिराबाईचा एक नेम झाला. तिचा नातू अमरसिंग, त्याचे आईबाप ऊसतोडीला गेले की हिच्याकडंच असायचा. त्याला ती सगळ्यात शेवटी उभा करायची. मदतनीसबाई आपलंच लेकरू पुढं घेते, असं कुणी म्हणायला नको. आणि रांगेत कधीच न येणारी एकच पोरगी होती, तांड्याच्या प्रमुखाची, म्हणजे वसरामनाईकाची, नात देवली. नाकाला शेंबूड, कोपरापर्यंत माती, आणि घमेलं दिसलं की ही खोलीच्या मागून वळसा घालून खिडकीतून पंगतीत. नाईकाची नात, तिला धरून आणणार कोण? मिराबाईनं तिच्यापुढं हात टेकले होते.

घमेल्याला आता आठ-दहा वर्षं झाली होती. मधे हिंगोली जिल्हा झाली, अंगणवाडीला पत्र्याच्या जागी स्लॅब पडला. मग दोन हजार पाच साली, थंडीच्या ऐन कडाक्यात, ते दुखणं तांड्यात शिरलं.

आधी एका लेकरानं उलटी केली. थंडी बाधली म्हणाले. मग दुसऱ्यानं, मग एकाच आळीतल्या चौघांनी. उलट्या थांबतात तोच पाण्यासारखे ढाळ सुरू, अंगात ताप, आणि लेकरू बघता बघता मलूल. मोठ्या माणसांनाही लागण झाली, पण ती उठून बसली. लेकरांचे मात्र डोळे खोल जायला लागले. अमरसिंग पडला. संगिताची शिला पडली.

संगिता म्हणजे मिराबाईच्या शेजारची सून. त्या साली दुसऱ्यांदा दिवस गेले होते म्हणून ती ऊसतोडीला गेली नव्हती. तिची तीन वर्षांची शिला संध्याकाळपर्यंत इतकी सुकली की रडताना डोळ्यांतून पाणी येईना. जीप करून तिला हिंगोलीला नेली. सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, आणि लेकरू वाचलं. पण जीपमध्ये मांडीवरची मान एकदा लटकली होती, ते संगिताच्या डोळ्यापुढून जाईना. परत आल्यावर तिनं विहिरीवर सगळ्या बायांसमोर तोंड उघडलं.

"आजारी पडली ती समदी अंगणवाडीचीच लेकरं. खातात काय तिथं? काहूनबाईची खिचडी! लेकरू माजं मेलं आसतं. त्या बाईच्या हातचं पानीबी नको."

बोलणं विहिरीवरून तांड्यात आणि तांड्यातून गोरेगावात गेलं. दुसऱ्या दिवशी मिराबाई लेकरं गोळा करायला निघाली, तर दारं आतून लोटलेली. शिजवलेली खिचडी तशीच राहिली. मुख्यसेविका येऊन सांगून गेल्या, "दुखणं कशाचं ते कळेपर्यंत चूल बंद. जेवणातनंच निघालं, तर मिराबाई, आम्हाला दुसरी बाई नेमावी लागेल." मिराबाईनं पातेलं घासून पालथं घातलं. काम जाण्याचं दुःख होतंच. पण ज्या हातची चव चाखायला माणसं निमित्त काढून यायची, त्या हाताला लोक भ्यायला लागले, हे तिला सोसवेना. घरी येऊन ती ढसाढसा रडली. आणि रडता रडता तिच्या मनात आलंच, की खिचडीतून झालं म्हणावं, तर देवली काहून आजारी पडली न्हाई? ती तर दोनदा मागून खाते.

आरोग्य केंद्राचे डॉक्टर साळवे रोज मोटरसायकलवर तांड्यात येत होते. चाळिशीचा, सावळा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी विहिरीत औषध टाकलं, घरोघर जलसंजीवनीची पुडकी वाटली, विहिरीचं पाणी आणि एका आजारी म्हाताऱ्याच्या शौचाचा नमुना जिल्ह्याला पाठवला. उत्तर आलं: पटकी, म्हणजे कॉलरा, नाही; पाणी ठीक आहे. आणि इकडं रोज नवं लेकरू पडतच होतं. डॉक्टर अंगणवाडीच्या पायरीवर बसून डोकं खाजवत होते, तेव्हा मिराबाई समोर येऊन उभी राहिली.

"सायेब, पानी ठीक हाय, तर ढाळ काहून थांबंना?"

"तेच बघतोय."

"पटकी न्हाई, तर मग काय हाय?"

"ते जिल्ह्याच्या यंत्रात दिसत नाही."

"काहून दिसत न्हाई?"

दुसरा कुणी असता तर खेकसला असता. पण ह्या डॉक्टरलाही लहानपणी बापानं ह्याच खोडीसाठी मार दिला होता म्हणे. त्यांनी तिला समोर बसवलं. सांगितलं, जंतूंहून कितीतरी बारीक असे विषाणू असतात. साध्या सूक्ष्मदर्शकाला ते सापडत नाहीत. थंडीतलं दुखणं, आधी उलटी, मग ढाळ, जास्त करून लेकरं, ह्यावरून त्यांना विषाणूचा संशय होता. पण संशय म्हणजे खात्री नाही. खात्री पुण्याच्या प्रयोगशाळेत होईल.

"जिता आसतो का मेलेला?" मिराबाईचे डोळे लकाकले.

"बाहेर असला तर धोंड्यासारखा पडून राहतो. माणसाच्या पोटात गेला की जागा होतो."

"आमच्या घरी बी हाय तसा एक," मिराबाई म्हणाली. "ताट वाढलं की जागा होतो."

डॉक्टर कितीतरी दिवसांनी हसले. मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. आजारी लेकरांच्या शौचाचे नमुने पाहिजेत, ताजे. लसीच्या डब्यात बर्फ घालून ते पुण्याला जातील. पण हे असलं मागायला गेलं की लोक आपल्याला दारात उभे करत नाहीत. मिराबाई हे करतील का?

मिराबाईनं क्षणभर विचार केला. पुण्याचं यंत्र खिचडीकडं बोट दाखवील, तर आपल्याच हातानं आपला गळा कापल्यासारखं होईल. पण नाही पाठवलं तर हे जन्मभर कळणारच नाही. न कळण्याची तिला जास्त भीती वाटली. "द्या बाटल्या," ती म्हणाली.

ती बाहेरूनच हाका मारत घरोघर फिरली. दार कुणी पूर्ण उघडलं नाही, पण डॉक्टरचं काम म्हटल्यावर बायांनी फटीतून हात काढून बाटल्या घेतल्या, आणि दुसऱ्या सकाळी भरून तिच्या ओट्यावर आणून ठेवल्याही. मिराबाई खूश! तिनं त्या पदराखाली झाकून डॉक्टरांपुढं नेल्या. डॉक्टरांनी एक उजेडात धरली. मग दुसरी. मग तिसरी. मग त्यांनी कपाळाला हात लावला.

"मिराबाई, तांड्यात ढाळीची साथ आहे की बद्धकोष्ठाची?"

बाटल्यांत सगळं घट्ट! निरोगी म्हशीनं लाजावं इतकं घट्ट. सुमनबाई तोंडाला पदर लावून खोलीत पळाल्या आणि आतून त्यांचं खुसखुसणं ऐकू यायला लागलं. मिराबाईला हसावं की रडावं कळेना. ती तरातरा तांड्यात गेली आणि पहिल्याच दारात ठाण मांडून बसली. "खरं सांगा, हे कुणाचं हाय?"

हळूहळू उलगडा झाला. दुखण्यातल्या लेकराच्या पोटातलं काही घराबाहेर द्यायचं नाही, ही तांड्याची जुनी रीत. नखं देत नाहीत, केस देत नाहीत, मग हे कसं देतील? कुणाच्या हाती पडलं आणि त्यानं करणी केली तर? पण डॉक्टरला नाही तरी कसं म्हणायचं! म्हणून ज्याच्या त्याच्या घरातल्या धडधाकट माणसाचं बाटलीत गेलं होतं. एका घरी तर म्हाताऱ्यानंच मोठ्या मनानं हा भार उचलला होता. जिवनबाई नावाची आजी मात्र निराळीच. ती म्हणाली, "पुन्याला मोठ्या सायबाकडं जायचं, तितं घान काहून पाठवायची? मनून चांगलं बघून दिलं."

मिराबाई त्यांच्यावर चिडली नाही. ही भीती तिलाही होती. तिनं घरातून अमरसिंगला उचलून आणलं. नातू चिपाडासारखा झाला होता, पोट अजून धरत नव्हतं. नाईकाच्या घरासमोर, जिथं तांड्याचा न्याय होतो, तिथं सगळ्यांदेखत तिनं त्याची बाटली भरली आणि वर धरली.

"हे माज्या नातवाचं. करनी व्हायची आसंल तर माज्या घरी आधी होऊ दे. मंग तुमी न्हाई मना."

 घरी जाऊन तिनं तांड्याच्या दैवताला, सेवाभायाला, नारळ कबूल केला. पण त्या दिवशी खरे नमुने निघाले. संगितानंही शिलाची बाटली आणली, मिराबाईच्या हातात न देता जमिनीवर ठेवली आणि वळून गेली. बाटल्या बर्फात बसल्या, जीप हिंगोलीच्या रस्त्याला लागली, आणि मिराबाई धूळ खाली बसेपर्यंत बघत राहिली.

मग वाट बघणं. साथ आपल्या गतीनं ओसरली. लेकरं घरोघरी खायला मागायला लागली. मिराबाईला काम नव्हतं, तेव्हा ती ओट्यावर बसून विचार करायची. देवलीचं कोडं काही सुटत नव्हतं. तांड्यातली सगळ्यात घाण पोरगी, आणि तिला साधी उलटी नाही! आणि अमरसिंग, ज्याचे हात ती रोज स्वतः बुडवून चोळायची, तो सगळ्यात जास्त दिवस पडला. गरोदर बाया खिचडी डब्यात घरी न्यायच्या. त्यांतली एकही आजारी नाही. "घान राहिलं की बरं, आसं आसतं काय?" तिनं प्रेमदासला विचारलं. प्रेमदासनं लगेच अंघोळ टाळायला सुरुवात केली.

होळी तोंडावर आली, बायांच्या लेंगीच्या गाण्यांचे आवाज माळावर घुमायला लागले, तेव्हा डॉक्टर साळवे आले. नाईकाच्या घरासमोर माणसं जमली. ऊसतोडीहूनही बरेच जण परतले होते. डॉक्टरांनी सांगितलं, पुण्याला सापडला. विषाणूच होता. लेकरांना ढाळ लावणारा, थंडीत फिरणारा. त्यांनी काडी घेऊन धुळीत एक चाक काढलं, मधे तुंबा, भोवती आरे. "फार मोठ्या यंत्राखाली असा दिसतो. चाकासारखा."

"मनून गावोगाव फिरतो व्हय!" वसरामनाईक म्हणाला. सगळी हसली.

"आणि खिचडी?" गर्दीतून कुणीतरी विचारलं.

"चुलीवरून उतरलेल्या गरम खिचडीचा ह्यात दोष नाही," डॉक्टर म्हणाले. "हा हातावरून तोंडात जातो. एका लेकराच्या घाणीतून दुसऱ्याच्या हाताला, हातातून पोटाला."

नाईकानं तिथल्या तिथं सांगितलं, "काहूनबाई, उद्या चूल पेटव." संगितानं मान खाली घातली. मिराबाईला वाटलं, ऊर फुटून जाईल. तिनं जे जे मागितलं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. दुसरी कुणी असती तर नारळ फोडायला गेली असती. पण ही काहूनबाई ना! ती डॉक्टरांच्या मोटरसायकलीमागं चालत अंगणवाडीपर्यंत गेली.

"सायेब, हातावरून जातो, तर हात धुतलेली लेकरं काहून पडली? अन् न धुनारी देवली काहून वाचली?"

डॉक्टर गाडी लावता लावता थांबले. "हात कसे धुता?"

तिनं कौतुकानं घमेलं आणून दाखवलं. लख्ख घासलेलं. रांग कशी असते, एका हंड्यात कसं भागतं, ते सांगितलं. सांगता सांगता तिचा आवाज बारीक होत गेला. कारण डॉक्टर नुसते घमेल्याकडं बघत होते.

"पहिल्याच्या हातावरचं पाण्यात उतरतं," ती स्वतःशीच म्हणाली. "मंग दुसरा त्यात हात घालतो. मंग तिसरा."

"साबण लावला तरी हा सहसा मरत नाही, नुसता सुटा होतो," डॉक्टर हळू म्हणाले. "वाहून न्यायला वरून पडणारं पाणी लागतं. साठलेल्यात तो सगळ्यांना वाटला जातो."

"अन् शेवटी जो हात घालंल त्याला समद्यात जास्त."

"छातीठोक मी सांगणार नाही, मिराबाई. घरातूनही पसरला असेल. पण हो."

सगळ्यात शेवटी अमरसिंग असायचा. मिराबाई घमेल्याच्या काठाला धरून खाली बसली. डॉक्टरांनी तिला समजावलं, "मुद्दाम केलं नाही तुम्ही. इथून पुढं तांब्यानं ओता, झालं. हे तांड्यात सांगत बसायची गरज नाही." सुमनबाईही दारातून म्हणाल्या, "मी रोज बघत होते की. मला तरी कुठं सुचलं? जाऊ द्या आता." दोघं बोलत होते ते तिच्या भल्याचंच होतं. गप्प राहिली असती तर कुणालाही कधी कळलं नसतं.

सकाळी चूल पेटली. लेकरं आली, मागून आयाही आल्या. पार शेवटी संगिता आली, शिलाला कडेवर घेऊन. आता पोटही चांगलंच दिसत होतं. ती कशीबशी वाकली आणि मिराबाईच्या पायाला हात लावायला लागली. "याडी, मी विहिरीवर बोलले ते... लेकराच्या जिवापायी बोलले गं. तुजा काई दोस नवता."

मिराबाईनं तिला वरच्यावर धरलं. पण बोलायचं ते ती बोललीच.

"दोस खिचडीचा न्हाई, संगिता. घमेल्याचा हाय. समद्या लेकराईचे हात म्या एका पान्यात बुडवले. एकाचं दुकनं दुसऱ्याला त्यातनंच गेलं आसंल. शिलाचे हात बी म्याच बुडवले."

 संगितानं शिलाला घट्ट छातीशी धरलं.  मिराबाईला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. संगिता वळली आणि लेकराला घेऊन चालायला लागली. तिच्यामागून आणखी काही आया आपापली लेकरं घेऊन गेल्या. त्या दिवशी पंगतीला मूठभर लेकरं होती, त्यांत एक देवली.

सुमनबाईंनी मुख्यसेविकांना सगळं सांगितलं. त्यांनी ती रांग स्वतः वाखाणली होती, त्यामुळं त्या एवढंच म्हणाल्या, काम चालू द्या. पण कामाचं काय घेऊन बसलात? मिराबाई रोज खिचडी शिजवायची आणि रोज निम्मी उरायची. लेकरांच्या हातावर ती आता तांब्यानं पाणी ओतायची. एक हात तांब्याला, दुसऱ्या हातानं लेकराचे हात चोळायचे, वर पंगत वाढायची. दोन हंडे एकटीनं चढवायचे. दुपारपर्यंत कंबर धरून यायची. प्रेमदासनं एकदा विचारलं, "न सांगती तर काय बिगडलं आसतं?" तिनं उत्तर दिलं, "मला काय ठावं."

होळी झाली, रंग झाले. उन्हं तापायला लागली. एका सकाळी मिराबाई रांग लावत होती, तर चढणीवरून संगिता येताना दिसली. डोक्यावर भरलेली घागर, हातात घरचा पितळी तांब्या, मागं शिला. ती सरळ दारात आली, घागर उतरवली आणि मिराबाईच्या हातातला तांब्या बाजूला ठेवला.

"पानी मी वतनार," ती म्हणाली. "तुज्यावर भरवसा न्हाई माजा."

 ते घमेलं मिराबाईनं खाली सरकवलं, म्हणजे हातावरून पडणारं पाणी त्यात जमावं आणि मागच्या भोपळ्याच्या वेलाला घालता यावं. लेकरांची रांग लागली. देवली खिडकीकडं पळायला बघत होती, तिला संगितानं एका हाकेत आणली. सवयीनं मिराबाईनं अमरसिंगला धरून रांगेच्या टोकाला नेऊन उभा केला.

संगिता तांब्या वाकवता वाकवता थांबली. "त्याला शेवटी काहून?"

मिराबाईनं तोंड उघडलं. आयुष्यभर दुसऱ्यांना हेच विचारत आलेल्या बाईला ह्या एका 'काहून'चं उत्तर देता येईना. डोळे मात्र वाहायला लागले, आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

"इकडं ये रे अमऱ्या," संगिता म्हणाली. "आज तू आधी."

अमरसिंग पुढं आला आणि त्यानं दोन्ही हात समोर धरले. तांब्यातली धार त्याच्या बोटांवरून घमेल्यात पडायला लागली. मग शिला, मग देवली, मग सगळी. शेवटचं लेकरू आत गेलं तरी संगितानं तांब्या खाली ठेवला नाही. ती मिराबाईकडं न बघताच म्हणाली, "तुला वाढायचं हाय ना? धर हात." मिराबाईनं बांगड्या वर सारल्या आणि हात पुढं केले.